तोच माणूस, तेच गुण: प्रतिस्पर्धी क्लबचा नवा मॅनेजर अडखळतो तेव्हा काय पाहायचं

प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची अव्वल फुटबॉल लीग. तिच्या 2012-13 च्या हंगामात मॅनेजर डेव्हिड मोयेसच्या एव्हर्टनने 38 सामन्यांत 63 गुण मिळवले आणि सहावा क्रमांक पटकावला. त्या उन्हाळ्यात त्याला मँचेस्टर युनायटेडची गादी मिळाली. निवड खुद्द युनायटेडचा निवृत्त होणारा मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसनची, करार सहा वर्षांचा. 22 एप्रिल 2014 ला युनायटेडने त्याच्या हातात नारळ दिला, तेव्हा लीगच्या 34 सामन्यांत त्याचे 57 गुण झाले होते. भागाकार करून बघा. एव्हर्टनमध्ये सामन्यामागे साधारण 1.66 गुण, युनायटेडमध्ये 1.68. माणूस तोच, गुणांचा वेगही जवळपास तोच. एका ठिकाणी त्या वेगाला बढती मिळाली, दुसऱ्या ठिकाणी दहा महिन्यांत हकालपट्टी.

मी लिव्हरपूलचा पाठीराखा. त्या दहा महिन्यांत युनायटेडचा प्रत्येक पराभव मी सणासारखा साजरा केला. मित्रांमध्ये रोज एकच वाद चालायचा: मोयेसच कमी पडतोय, की फर्ग्युसनने मागे ठेवलेला संघच थकलाय? आम्ही लिव्हरपूलवाले अर्थातच मोयेसच्या नावाने बोटं मोडायचो. युनायटेडवाले आधी त्याची पाठराखण करायचे, नंतर एकेक करून तेही आमच्या सुरात सूर मिसळू लागले. आज मागे वळून पाहताना वाटतं, आम्ही सगळेच चुकीच्या प्रश्नावर भांडत होतो. मोयेसला जे काम उत्तम येत होतं, ते तो युनायटेडमध्येही करत होता. पण युनायटेडमध्ये कामच वेगळं होतं.

वेगळं म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. कोणत्याही नव्या मॅनेजरबद्दल मत बनवण्याआधी ही गोष्ट कळायला हवी.

एव्हर्टनसारख्या मधल्या क्लबसमोर बरेच संघ जिंकायच्या हेतूने उतरतात. जिंकायचं तर पुढे सरकावं लागतं, आणि पुढे सरकलं की बचावफळीच्या मागे मोकळी जागा उरते. मोयेसचा एव्हर्टन शिस्तीत मागे उभा राहायचा, चेंडू हिसकवायचा आणि चार-पाच पासमध्ये त्या मोकळ्या जागेत घुसायचा. ते जमलं नाही तर डावीकडून लेटन बेन्सचा क्रॉस, म्हणजे कडेवरून हवेतून टाकलेला चेंडू, आणि तो घ्यायला गोलसमोरच्या बॉक्समध्ये मारुआन फेलैनी, सहा फूट चार इंचांचा. कमी पैशात, कमी खेळाडूंत हे वर्षानुवर्षं चालवणं सोपं नसतं. मोयेसने ते 2002 पासून 11 वर्षं चालवलं.

युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर येणारा छोटा संघ मात्र बरोबरीचा एक गुण घेऊन परतला तरी खूश असतो. तो चार-चार खेळाडूंच्या दोन रांगा स्वतःच्या पेनल्टी बॉक्ससमोर लावून उभा राहतो. दोन रांगांमध्ये जेमतेम काही पावलांचं अंतर, आणि मागे गोलकीपरपर्यंत घुसायला जागाच नाही. चेंडू तर जवळजवळ पूर्ण वेळ तुमच्याकडेच. हिसकवायला काही नाही, पळायला मोकळी जागा नाही. आता भिंत फोडायची. त्यासाठी चेंडू इकडून तिकडे इतक्या वेगाने फिरवावा लागतो की रांगेतला एखादा बचावपटू अर्धा सेकंद उशिरा सरकतो. त्या फटीत दोन रांगांच्या मधोमध कुणीतरी आधीच उभा असावा लागतो, आणि त्याच्याकडे पास जाईपर्यंत तिसऱ्याने धावायला सुरुवात केलेली असावी लागते. हे सामन्याच्या दिवशी फळ्यावर खडूने समजावून होत नाही. सरावात शेकडो वेळा घोटून घेतलं तरच पायात उतरतं.

9 फेब्रुवारी 2014 चा फुलहॅमविरुद्धचा सामना मी या विषयावर बोलताना नेहमी काढतो. फुलहॅम तेव्हा तळाशी होता. स्टीव्ह सिडवेलने सुरुवातीलाच गोल केला आणि फुलहॅमने बॉक्ससमोर तंबू ठोकला. मग युनायटेडने काय केलं? क्रॉस टाकले. उजवीकडून, डावीकडून, पुन्हा उजवीकडून. सामना संपेपर्यंत 80 हून जास्त क्रॉस. एका सामन्यात इतके क्रॉस म्हणजे तेव्हाचा उच्चांकच.

हवेतून येणारा चेंडू बचावपटूला समोरून दिसतो. तो चेंडूकडे तोंड करून उडी मारतो आणि डोक्याने लांब फेकतो. स्ट्रायकरला मात्र त्याच चेंडूची दिशा बदलून गोलात टाकायचा असतो, तेही खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसासमोर. त्यामुळे भिंत रचून बसलेल्या संघाला क्रॉसचा मारा फारसा त्रास देत नाही, उलट जमतो. फुलहॅमचा उंचापुरा डॅन बर्न सामन्यानंतर म्हणाला, की खालच्या डिव्हिजनमध्ये खेळायचो तेव्हापासून इतके हेडर मारले नव्हते. युनायटेडच्या वान पर्सी आणि कॅरिकने शेवटच्या टप्प्यात दोन मिनिटांत दोन गोल केले खरे, पण जादा वेळेत डॅरन बेंटने बरोबरी साधली. 2-2.

आता या सामन्याची खरी मेख. फुलहॅमचा मॅनेजर होता रेने म्यूलेनस्टीन. हाच माणूस फर्ग्युसनच्या शेवटच्या वर्षांत युनायटेडचा मुख्य प्रशिक्षक होता, म्हणजे रोजचा सराव त्याच्या हाताखाली चालायचा. भिंत फोडण्याचे धडे तोच गिरवून घ्यायचा. मोयेस आला आणि एव्हर्टनमधली आपली माणसं सोबत घेऊन आला, तेव्हा म्यूलेनस्टीन, फर्ग्युसनचा सहायक माइक फेलन आणि गोलकीपिंग प्रशिक्षक एरिक स्टील, तिघेही गेले. नव्या मॅनेजरने आपली माणसं आणणं ही सगळीकडची रीत आहे, त्यासाठी त्याला दोष देत नाही. पण जी विद्या त्याच्याकडे नव्हती, तीच नेमकी दारातून बाहेर गेली.

आकडेही हेच सांगतात. फर्ग्युसनच्या शेवटच्या हंगामात युनायटेडने लीगमध्ये 86 गोल केले आणि 43 खाल्ले. पुढच्या हंगामात खाल्लेले गोल पुन्हा 43 च. एकही कमी-जास्त नाही. केलेले गोल मात्र 86 वरून 64 वर घसरले. मोयेसने बचाव बिघडवला नव्हता. बचाव ही त्याची हातोटी होतीच. बिघडलं ते फक्त पुढचं टोक.

संघ थकला होता हेही खोटं नव्हतं, एवढं युनायटेडच्या मित्रांना मान्य करून टाकतो. ऑगस्ट 2013 मध्ये रिओ फर्डिनंड 34 वर्षांचा होता, एव्हरा 32 चा, विडिच 31 चा, गिग्ज 39 चा. पॉल स्कोल्स मे महिन्यातच निवृत्त झाला होता. आदल्या वर्षी 11 गुणांच्या फरकाने लीग जिंकून देणाऱ्या संघाचं निम्मं आयुष्य सरलेलं होतं. त्यात खेळाडूंच्या खरेदीचे व्यवहार वर्षानुवर्षं सांभाळणारा मुख्य अधिकारी डेव्हिड गिल फर्ग्युसनसोबतच पायउतार झाला. त्याच्या जागी आलेल्या एड वुडवर्डसाठी हे काम नवं होतं. फाब्रेगाससाठी लावलेल्या बोली बार्सिलोनाने नाकारल्या. फेलैनीच्या एव्हर्टनबरोबरच्या करारात जुलैअखेरपर्यंत 2 कोटी 35 लाख पौंडांत त्याला सोडायचं कलम होतं. ती मुदत हुकली आणि खरेदीच्या शेवटच्या दिवशी त्याच फेलैनीसाठी 2 कोटी 75 लाख मोजले. यात मॅनेजरच्या हातात किती होतं आणि क्लबच्या किती, हे बाहेरून ठरवता येत नाही. म्हणून खरेदीच्या चुकांवरून मॅनेजरला झोडपणं मी आता बंद केलंय.

पण प्रतिस्पर्ध्याच्या पाठीराख्यांना या सगळ्यातलं काय दिसतं? माझ्या मते, बरंच काही दिसतं. आपल्या क्लबचा मॅनेजर अडखळला की आपण आशेपोटी कारणं शोधतो: दुखापती झाल्या, पंच चुकला, पुढच्या महिन्यात गाडी रुळावर येईल. दुसऱ्याच्या क्लबबद्दल ती आशा नसते, त्यामुळे नजर स्वच्छ राहते. मोयेसची नेमणूक झाली तेव्हाच मर्सीसाइडची, म्हणजे लिव्हरपूल-एव्हर्टनच्या भागातली मंडळी एक गोष्ट बोलून दाखवत होती: 11 वर्षांत त्याच्या एव्हर्टनने लीगमध्ये लिव्हरपूलचं ॲनफिल्ड, युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड, चेल्सीचं स्टॅमफर्ड ब्रिज आणि आर्सेनलच्या मैदानावर एकदाही विजय मिळवला नव्हता. मोठ्या मैदानावर तो न हरण्यासाठी खेळायचा. युनायटेडच्या लोकांनी याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डच्या स्ट्रेटफर्ड एंड या स्टँडला त्याच्या चेहऱ्यासह ‘निवडलेला’ असा फलक टांगला. मार्चमध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या सामन्यात याच शब्दाचं विडंबन करणारा, मोयेसला हाकला म्हणणारा फलक मागे बांधून एक विमान मैदानावरून फिरलं. तो सामना युनायटेडने 4-1 असा जिंकला, तरी दुसऱ्या दिवशी चर्चा विमानाचीच.

आमची नजर कुठे चुकते तेही सांगायला हवं. प्रतिस्पर्ध्याचा पाठीराखा गुणतक्त्याच्या पलीकडे बघायला तयार नसतो, कारण तक्ता बघायलाच इतकी मजा येते.

मोयेसच्या आदल्याच वर्षीची आमची गोष्ट घ्या. 2012 च्या उन्हाळ्यात ब्रेंडन रॉजर्स लिव्हरपूलचा मॅनेजर झाला. लीगच्या पहिल्या पाच सामन्यांत एकही विजय नाही. युनायटेडवाल्यांनी आम्हाला सळो की पळो करून सोडलं होतं. हंगाम संपला तेव्हा लिव्हरपूल 61 गुणांसह सातवा, चक्क मोयेसच्या एव्हर्टनच्याही खाली. पुढच्या हंगामात युनायटेड 64 गुणांसह सातवाच राहिला. सातवा आणि सातवा. त्यातही आमचे तीन गुण कमी. मग रॉजर्सला आणखी एक वर्ष देणं शहाणपणाचं आणि मोयेसला देणं वेडेपणाचं, असं का?

गोल बघा. रॉजर्सच्या आधीच्या हंगामात लिव्हरपूलने लीगमध्ये 47 गोल केले होते. रॉजर्सच्या पहिल्या हंगामात 71. क्रमांक आठवरून सातवर आला, एवढाच काय तो फरक तक्त्यात दिसत होता. मैदानावर मात्र खेळ ओळखू न येण्याइतका बदलला होता. गोलकीपरपासून छोटे पास, मागून चेंडू काढायचा हट्ट, कधीकधी त्या हट्टापायी स्वतःच्याच गोलसमोर चेंडू गमावणं. नवी भाषा शिकणारा माणूस जसा चुकतो, तशा त्या चुका होत्या. जानेवारी 2013 मध्ये डॅनियल स्टरिज आणि फिलिप कुटिन्यो आले, दोघे मिळून साधारण 2 कोटी पौंडांत, आणि दोघेही या खेळात चपखल बसले. पुढच्या हंगामात लिव्हरपूलने 101 गोल ठोकले आणि लीग अवघ्या दोन गुणांनी हुकली. ते दुःख मला अजून बोचतं, पण तो वेगळा विषय.

म्हणून प्रतिस्पर्ध्याचा मॅनेजर हरत असेल तर तो किती सामने हरला हे मी आता शेवटी मोजतो. आधी बघतो, तो कसा हरतोय. चुका त्याच त्याच होतायत, की दर महिन्याला नव्या? जुन्या चुका टिकून राहणं म्हणजे सरावात काहीतरी शिकवलंच जात नाहीये. नव्या चुका होणं म्हणजे काहीतरी शिकवलं जातंय, अजून पचलेलं नाही. मोयेसचा युनायटेड डिसेंबरमध्ये घरच्या मैदानावर एव्हर्टन आणि न्यूकॅसलकडून पाठोपाठ 0-1 असा हरला. फेब्रुवारीत फुलहॅमसमोर तेच क्रॉस. 16 मार्चला लिव्हरपूल ओल्ड ट्रॅफर्डवर 3-0 ने जिंकला, दोन गोल जेरार्डच्या पेनल्टीचे, एक सुआरेझचा, आणि जेरार्डची तिसरी पेनल्टी गोलपोस्टला लागली. सात महिने उलटल्यावरही त्या संघाला काय करायचंय हे मैदानावर दिसत नव्हतं.

युनायटेडमध्येच नंतर याच्या नेमकं उलट घडलं. नोव्हेंबर 2024 मध्ये रुबेन अमोरिम आला. त्याला काय करायचंय हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. तीन सेंट्रल डिफेंडर, दोन्ही कडांना एकेक विंगबॅक, मध्ये दोन मिडफिल्डर, त्यांच्या पुढे दोघे आणि टोकाला स्ट्रायकर. याच पद्धतीने त्याने स्पोर्टिंग लिस्बनला 2021 मध्ये 19 वर्षांनंतर पोर्तुगालची लीग जिंकून दिली होती. इथे अडचण कामाची नव्हती, हत्यारांची होती. या पद्धतीत विंगबॅकला अख्खी कड एकट्याने सांभाळावी लागते, एका टोकाला बचाव आणि दुसऱ्या टोकाला हल्ला. युनायटेडकडे साइडबॅक होते आणि विंगर होते, दोन्ही कामं करणारा जवळपास कुणी नव्हता. मध्ये दोनच मिडफिल्डर, म्हणजे समोरच्या संघाने तिघे उभे केले की कुणीतरी एक मोकळा सुटणारच. ती पळापळ करायला तरुण पाय लागतात, आणि कासेमिरो, एरिक्सन दोघेही तिशी ओलांडलेले.

हंगामाच्या मध्यात आल्यामुळे सरावालाही वेळ नव्हता. तीन-चार दिवसांनी सामना असेल तर एक दिवस थकवा घालवण्यात जातो, एक प्रवासात, आणि नवीन काही शिकवायला फार तर एक सकाळ उरते. अमोरिमला हंगाम संपल्यावर यायचं होतं, क्लबने आत्ताच ये म्हणून सांगितलं. परिणाम सगळ्यांसमोर आहे: 42 गुण, 15 वा क्रमांक, युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून 0-1. पद्धत मात्र तो बदलायला तयार नव्हता, प्रत्यक्ष पोपने सांगितलं तरी नाही, असं तो म्हणाला होता. जानेवारी 2026 मध्ये क्लबने त्याला काढलं. मला या प्रकरणात क्लबची चूक जास्त मोठी वाटते. ज्याच्या हत्याराची तुमच्याकडे मूठही नाही, असा कारागीर नेमायचा आणि मग त्याला हत्यार बदल म्हणायचं, हा न्याय नव्हे.

आणि हो, वेळेचा मुद्दा. नवा मॅनेजर अडखळला की कुणीतरी फर्ग्युसनचं उदाहरण देतोच. नोव्हेंबर 1986 मध्ये आला, डिसेंबर 1989 मध्ये त्याला टाटा करणारा फलक ओल्ड ट्रॅफर्डवर लागला, तो हंगाम 13 व्या क्रमांकावर संपला, पण मे 1990 मध्ये एफए कप मिळाला आणि पुढे लीगच्या 13 ट्रॉफ्या. खरं आहे. पण धीर धरल्याने सुधारला नाही असा मॅनेजर कुणाच्या लक्षात राहतो? युनायटेडचा जुना मॅनेजर मॅट बझ्बीनंतर आलेला विल्फ मॅकगिनेस डिसेंबर 1970 मध्ये गेला, त्याचं उदाहरण कुणी देत नाही. शिवाय फर्ग्युसन त्या पडत्या काळातही खालून क्लब बांधत होता, तरुण खेळाडू शोधणारी यंत्रणा उभी करत होता. आर्सेनलचा मिकेल आर्टेटाही तसाच. सलग दोन हंगाम आठव्या क्रमांकावर, ऑगस्ट 2021 मध्ये पहिले तिन्ही सामने हरून एकही गोल न करता तळाला. पण त्याच उन्हाळ्यात ओडेगार्ड, बेन व्हाइट, रॅम्सडेल असे तरुण खेळाडू त्याच्या खेळाला साजेसे बघून घेतले होते. 2022-23 पासून सलग तीन हंगाम दुसरा क्रमांक. वेळ दिला म्हणून सुधारणा झाली असं म्हणणं अर्धवट आहे. काय बांधलं जातंय ते क्लबला दिसत होतं, म्हणून वेळ दिला गेला.

एका क्लबला न जमलेला मॅनेजर दुसऱ्याला जमतो, म्हणून ब्रायन क्लफही आठवतो. 1974 मध्ये लीड्सने त्याला 44 दिवसांत काढलं. तोच क्लफ नंतर नॉटिंगहॅम फॉरेस्टला 1979 आणि 1980 असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकून देतो.

मोयेसचा युनायटेडमधला शेवटचा सामना 20 एप्रिल 2014 ला झाला, कुठे तर एव्हर्टनच्याच गुडिसन पार्कवर. एव्हर्टन 2-0 ने जिंकला. पहिला गोल बेन्सचा, दुसरा केविन मिरालासचा, दोघांनाही एव्हर्टनमध्ये मोयेसनेच आणलेलं. त्या हंगामात रॉबेर्तो मार्टिनेझच्या हाताखाली एव्हर्टनने 72 गुण मिळवले, युनायटेडपेक्षा आठ जास्त. पुढे 2023 मध्ये मोयेसने वेस्ट हॅमला युरोपा कॉन्फरन्स लीग जिंकून दिली, आणि जानेवारी 2025 मध्ये एव्हर्टनने त्याला परत बोलावलं. संघ तेव्हा 16 वा होता, रेलिगेशनपासून, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून, जेमतेम एका गुणाने दूर. हंगाम संपला तेव्हा 13 वा. 18 मे 2025 ला गुडिसन पार्कवर एव्हर्टनच्या पुरुष संघाचा शेवटचा सामना झाला, त्या दिवशी डगआउटसमोर मोयेसच उभा होता. साउदॅम्प्टनविरुद्ध एव्हर्टन जिंकला, 2-0.